दहा पावलांचे अंतर

२०२३ सालच्या दिवाळीत आमचा पुतण्या वसईहून नंदुरबारला आला, तेव्हा त्याच्या खांद्याला एक काळी, जड पिशवी होती. सौ.ला वाटले, गावाकडची सुकेळी आली. पिशवी उघडल्यावर आत मऊ कप्प्यांत निजवलेल्या दोन लेन्स निघाल्या. सौ. काही न बोलता चहा ठेवायला आत गेली. पण जाताना तिने आमच्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यावरूनच पुढच्या चार महिन्यांची कल्पना आम्हाला यायला हवी होती.

पुतण्या वसईत लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. त्याने नव्या पद्धतीचा, आरसा नसलेला कॅमेरा घेतला आणि जुन्या कॅमेऱ्याच्या दोन लेन्स विकायला काढल्या. एक २४ ते ७० मिलिमीटरची, दुसरी ७० ते २०० ची. दोन्ही उंची, दोन्ही धारदार. नव्या घ्यायच्या तर प्रत्येकी लाखाच्या पुढे. आमचा कॅमेरा त्याच कंपनीचा असल्याने त्या आम्हाला चालण्यासारख्या होत्या.

"काका," तो म्हणाला, "बाहेर विकल्या तर जास्त येतील. तुम्हाला दोन्ही मिळून ऐंशी हजारांत देतो. होळीपर्यंत वापरून पाहा. पटल्या तर ठेवा, नाहीतर परत करा. पण ही तुमची लेन्स आता पुरे करा."

'ही तुमची लेन्स' म्हणजे आमच्या कॅमेऱ्यावर चौदा वर्षे बसलेली १८ ते २०० ची, सर्व कामांना एकच अशी लेन्स. तिच्या रबराची कड सैल झाली होती. कॅमेरा गळ्यात अडकवून चालू लागले की तिची नळी आपल्या वजनाने आपोआप पुढे घसरत असे. पुतण्याने ती हातात घेतली, खाली धरली, नळी घसरली, आणि तो हसला. आम्हाला ते हसणे लागले. त्यातून ऐंशी हजार म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून गच्चीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला सगळा पैसा. पावसाळ्यात आमच्या माजघरात दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागत होती.

आम्ही मूळचे वसईचे. १९८७ साली शिक्षकाची नोकरी घेऊन या बाजूस आलो. नाशिक धर्मप्रांताची स्थापनाही त्याच वर्षी झाली. तेव्हा हा सारा भाग धुळे जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा स्वतंत्र झाला आणि घर न बदलता आमचा जिल्हा बदलला. छायाचित्रणाचा नाद जुना. फिल्मच्या कॅमेऱ्यावर तेव्हा ५० मिलिमीटरची एकच लेन्स मिळे. छत्तीस चित्रांचा रोळ आम्ही तीन-तीन महिने पुरवीत असू. पुढे डिजिटल कॅमेरा आला, त्यासोबत १८ ते २०० आली, आणि तिने आम्हाला फार सुखात ठेवले, हे आधीच कबूल केले पाहिजे. नंदुरबारहून तळोदा, तिथून चांदसैली घाटाने धडगाव, पुढे जीपने एखाद्या पाड्यापर्यंत जायचे तर हातात काय काय घेणार? एका हातात छत्री, खांद्यावर झोळी, गळ्यात कॅमेरा, बस. तोरणमाळची दरी, धर्मग्रामाची सहल, शाळेतील मुलांची कवायत, बोरीच्या झाडावरचा पोपट, सारे तिच्यात मावत असे.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे भाग आहे. लेन्सच्या नावात दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला मिलिमीटरचा. तो लहान असेल तर समोरचे पुष्कळ दृश्य मावते; मोठा असेल तर दूरचे जवळ येते. दुसरा आकडा 'एफ'चा. लेन्सचे छिद्र जास्तीत जास्त किती उघडते, ते तो सांगतो. इथे हिशेब उलटा आहे. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि प्रकाश अधिक. एफ ५.६ च्या जागी एफ २.८ मिळाले तर कॅमेऱ्यात चौपट प्रकाश जातो. प्रकाश चौपट, म्हणजे छिद्र उघडे ठेवण्याचा वेळ चौथा हिस्सा. म्हणजे हलत्या माणसाचे चित्र पुसट होण्याचा धोका तितका कमी.

सर्वगुणी लेन्सची अडचण इथेच आहे. एकाच नळीत १८ पासून २०० पर्यंत अकरा पटींचा पल्ला बसवायचा म्हणजे आत सोळा-सतरा काचा लागतात, त्यांतील काही पुढेमागे सरकणाऱ्या. साध्या ५० च्या लेन्समध्ये सहा-सात काचांत काम भागते. एवढ्या काचांनी प्रत्येक अंतरावर पूर्ण न्याय द्यावा ही अपेक्षाच चूक. म्हणून रुंद टोकाला घराच्या सरळ भिंती फुगीर दिसतात, लांब टोकाला त्याच आत दबलेल्या. झाडाच्या फांद्यांना आभाळाच्या बाजूने जांभळट कड येते. शिवाय वजन आवरायचे म्हणून छिद्र लहान ठेवावे लागते. आमच्या लेन्सचे रुंद टोकाला एफ ३.५ होते, लांब टोकाला एफ ६.३. पुतण्याच्या दोन्ही लेन्स साऱ्या पल्ल्यात एफ २.८. दोन्ही मिळून वजन मात्र अडीच किलोच्या घरात. आमची एकटी सुमारे अर्ध्या किलोची.

ही ओढाताण नवी नाही. छायाचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स, 'झूमार', १९५९ साली बाजारात आली. तिचा पल्ला ३६ ते ८२. १९९२ मध्ये टॅमरॉन या जपानी कंपनीने २८ ते २०० ची आटोपशीर लेन्स काढली, आणि सामान्य माणसाने एकच लेन्स घेऊन गावोगाव हिंडण्याचा काळ सुरू झाला. तेव्हापासून सोय की स्वच्छपणा, हा वाद छायाचित्रण करणाऱ्यांच्या घरोघरी चालू आहे. पुतण्या म्हणे, "काका, शेतकरी नांगराने कोळपणी करतो का? ज्या कामाला जे अवजार." आम्ही म्हणू, "अरे, सातपुड्यातला माणूस एक कोयता कमरेला लावून रानात जातो. लाकूड तोडतो, वाट काढतो, बांबू सोलतो." दोन्ही दाखले खरे, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

तरीही आम्ही ती काळी पिशवी ठेवून घेतली. त्याचे कारण लेन्सच्या गुणदोषांत नव्हते. ते एका म्हाताऱ्या माणसाच्या चित्रात होते.

अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर आमचे बरेच येणे-जाणे आहे. तिथे एक वृद्ध गृहस्थ होते. पाड्यावरील भक्तांना त्यांनी वर्षानुवर्षे प्रार्थना शिकविल्या, मुलांना गीते शिकविली. वाचता येत नसे. पण गीतांचा सारा साठा तोंडपाठ. फादर महिन्यातून एकदा येत, उरलेले रविवार हे गृहस्थ सांभाळीत. २०२२ च्या नाताळला आम्ही तिथे होतो. पत्र्याच्या छपराखाली एक ट्यूबलाइट आणि दोन सौरदिवे. मिस्सेपूर्वी अर्धा तास गीतगायन चाले. म्हातारबाबा पुढे उभे राहून, हात वर करून, डोळे मिटून गात होते. आम्ही मागच्या दाराशी उभे राहून लेन्स पूर्ण लांब केली आणि त्यांचे चित्र घेतले. पडद्यावर लहान दिसले ते बरे वाटले.

२०२३ च्या जुलैत ते वारले. चार दिवसांनी त्यांचा मुलगा पावसातून नंदुरबारला आला. "गुरुजी, बाबांचा एक फोटो द्या. घरी लावायचा आहे." त्यांच्याजवळ दुसरा फोटो होता तो आधार कार्डावरचा. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. त्या कार्डावरचा टपाल-तिकिटाएवढा चेहरा हेच पाड्यांवरच्या कितीतरी वृद्धांचे जन्मातले एकमेव छायाचित्र असते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तो फोटो मोठा केला तर म्हातारबाबा गुन्हेगारासारखे दिसत, असे मुलगा म्हणाला.

आम्ही मोठ्या विश्वासाने संगणक लावला. चित्र मोठे केले. मागची भिंत दिसत होती, भिंतीवरचा कागदी तारा दिसत होता. म्हातारबाबांचा चेहरा पुसट होता. डोळे कुठे, ओठ कुठे, समजत नव्हते. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "चालेल, गुरुजी. हेच द्या." त्याच्या त्या 'चालेल'ने आमची झोप उडाली. त्या रात्री लेन्सला आम्ही जे बोललो ते या पानावर लिहिण्यासारखे नाही. म्हणून दिवाळीत पुतण्याची पिशवी उघडली, तेव्हा आमचे मन आधीच तिकडे झुकलेले होते.

आता परीक्षेची हकीकत.

नाताळला आम्ही त्याच पाड्यावर मोठी, ७० ते २०० ची लेन्स घेऊन गेलो. त्याच मागच्या दाराशी उभे राहिलो. चित्रे पाहून थक्क झालो. मागल्या वर्षी जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागला होता, तिथे आता ऐंशीवा भाग पुरला. सुरकुतीन् सुरकुती, कानातल्या बाळीची चमक, सारे स्वच्छ. उंची काच म्हणजे काय, ते त्या रात्री कळले. पण घरी आल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. जवळजवळ प्रत्येक चित्रात माणसे लेन्सकडे पाहत होती. ती गोरी, जाड, तोफेसारखी नळी पाहून पुढच्या मुलींनी पदर तोंडाशी घेतले होते. एका आजींनी शेजारी बसलेल्या नातवाला काहीतरी विचारल्याचे आम्ही पाहिले होते, नंतर त्याने सांगितले, "हे आमच्यावर काय रोखलंय, असं आजी विचारत होती."

दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दत्तजयंती होती. सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते. दूरदूरचे व्यापारी तिथे घोडे घेऊन येतात. आम्ही दोन्ही लेन्स घेऊन गेलो. घोडा दौडवून दाखवतात, तिथे मोठ्या लेन्सने कमाल केली. चारही पाय जमिनीपासून सुटलेले, आयाळ उडालेली, मागे धुळीचा पडदा: असे चित्र आमच्या हातून उभ्या जन्मात निघाले नव्हते. पण आमच्या अगदी पायाशी एक चार-पाच वर्षांची मुलगी शिंगराला आपल्या हातातला गूळ भरवीत होती. मोठ्या लेन्सला ते फार जवळ. लेन्स काढली, दुसरी चढविली, मान वर केली. गूळ संपला होता आणि मुलगी बापाच्या खांद्यावर. शिवाय त्या दोन मिनिटांत तापीकाठची धूळ कॅमेऱ्याच्या पोटात शिरली. पुढच्या सगळ्या चित्रांत आभाळावर काळे ठिपके. ते साफ करून घेण्यासाठी नाशिकपर्यंत जावे लागले. आमची जुनी लेन्स असती, तर मुलगीही मिळाली असती आणि नाशिकची फेरीही वाचली असती. दौडणारा घोडा मात्र तसा मिळाला नसता.

जानेवारीत तोरणमाळला गेलो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरचे हे ठिकाण. हवा स्वच्छ, ऊन भरपूर. यशवंत तलाव, सीताखाई, वाटेवरच्या बाया, अशी तीच ती दृश्ये आम्ही जुन्या आणि नव्या लेन्सने घेतली. जुनीचे छिद्र मुद्दाम एफ ८ पर्यंत लहान केले, कारण उजेडात छिद्र थोडे मिटले की सामान्य लेन्सही पुष्कळ सुधारते. नंदुरबारच्या स्टुडिओत सहा बाय चार इंचाच्या प्रती काढल्या, मागे पेन्सिलीने खुणा केल्या, आणि जेवणाच्या टेबलावर मांडून सौ.ला व शेजारच्या निवृत्त गुरुजींना परीक्षक नेमले. बारा जोड्या होत्या. दोघांनीही निम्म्याहून अधिक वेळा जुन्या लेन्सचे चित्र उंची म्हणून निवडले. सौ. म्हणाली, "अहो, ऐंशी हजारांचा फरक मला तरी दिसत नाही. गच्चीचा दिसतो."

यामागचा हिशेब साधा आहे. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात असे धरले, तर सहा बाय चारच्या प्रतीला सुमारे साडेएकवीस लाख ठिपके पुरतात. आमच्या चौदा वर्षांच्या जुन्या कॅमेऱ्यात सव्वा कोटी आहेत. म्हणजे लेन्सची बारीक धार त्या प्रतीत उतरतच नाही. या अंकात कधी आमचे चित्र छापले गेले, तर तिथेही उतरणार नाही. आणि भ्रमणध्वनीवरून पाठविताना तर चित्र आणखीच आक्रसते. भिंतभर प्रत काढणाऱ्याला, चित्राचा लहानसा तुकडा कापून मोठा करणाऱ्याला ती धार हवी. आम्ही त्यांतले नव्हतो. मात्र घरातल्या, दिव्याच्या उजेडातल्या दोन जोड्या परीक्षकांनी बिनचूक ओळखल्या. अंधारात उंची लेन्सला तोड नव्हती.

तेव्हा प्रश्न अंधारापुरता उरला, म्हणजे पुन्हा म्हातारबाबांपाशी आला.

एके रात्री आम्ही ते २०२२ चे चित्र पुन्हा उघडले. डिजिटल चित्रासोबत कॅमेरा आपली नोंद ठेवतो, हे आम्हाला माहीत असून ती वाचण्याचे आम्ही टाळले होते. नोंद अशी: २०० मिलिमीटर, एफ ६.३, सेकंदाचा पंधरावा भाग. हात हलू नये याची सोय लेन्समध्ये होती, म्हणून भिंत आणि तारा स्वच्छ आले. पण गाणारा माणूस हलतो, आणि त्याला थांबविण्याची सोय कोणत्याही लेन्समध्ये नाही. आम्ही कागद-पेन्सिल घेतली. एफ २.८ असते तर पाचपट प्रकाश. सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. चेहरा मिळाला असता. पुतण्याचे म्हणणे खरे. मग सहज म्हणून आमच्याच लेन्सच्या रुंद टोकाचा हिशेब केला. तिथे एफ ३.५, म्हणजे तिप्पटीहून जास्त प्रकाश; सेकंदाचा जवळजवळ पन्नासावा भाग. चेहरा मिळाला असता!

म्हणजे तीच लेन्स, तोच दिवा, तीच रात्र. फक्त आम्ही पुढे जायला हवे होते. किती? नाताळला त्याच छपराखाली आम्ही मागच्या दारापासून गाणाऱ्यांपर्यंत चालत गेलो होतो. दहा पावले.

आणि मग जे आठवले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. मिस्सा चालू असताना वेदीपुढे धावाधाव करू नये, हा आमचा नियम योग्यच आहे. पण तेव्हा मिस्सा सुरू झाली नव्हती. गीते चालली होती. दोन गीतांच्या मध्ये म्हातारबाबांनी डोळे उघडले, आम्हाला दाराशी पाहिले आणि हाताने खूण केली: 'पुढे या, इथे बसा.' आम्ही कॅमेरा उंचावून उलट खूण केली: 'इथूनच चांगले दिसते.' ते हसले आणि त्यांनी पुढचे गीत धरले.

इथून चांगले दिसत नव्हते. दूरचे जवळ आणण्याची सोय हातात होती, म्हणून आम्ही जवळ गेलो नाही, इतकेच. चौदा वर्षांत त्या लेन्सने आम्हाला जे शिकविले त्यात हेही होते, आणि ते आमच्या ध्यानात आले नव्हते. पुतण्याच्या उंची लेन्सने ती खोड मोडली नसती; दाराशी उभे राहण्याची आम्हाला आणखी चांगली सबब मिळाली असती. २०२३ च्या नाताळची चित्रे याची साक्ष आहेत. चेहरे स्वच्छ होते, पण ते दहा पावले दूरच्या माणसाकडे पाहणारे होते.

यावरून उंची लेन्स म्हणजे श्रीमंती चोचले, असा अर्थ कोणी काढू नये. पुतण्याला त्या हव्यातच. लग्नाच्या मिस्सेत वधूवर वचने देतात, तेव्हा त्याला वेदीच्या पायऱ्यांवर चढता येत नाही. तो क्षण पुन्हा येत नाही. उजेड असेल तेवढाच असतो. दूर राहणे हे तिथे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्याची किंमत तो लेन्सच्या रूपाने मोजतो. आमच्यावर असे कोणतेही बंधन नव्हते. आम्हाला तर पुढे बोलावले गेले होते.

मग आम्ही काय केले? फेब्रुवारीत ५० मिलिमीटर, एफ १.८ ची एक लहानशी लेन्स घेतली. दहा-बारा हजारांच्या आतबाहेर मिळते तशी. वजन मुठीतल्या दोन लिंबांएवढे. तिला लांब-आखूड करता येत नाही. आमच्या कॅमेऱ्यातील सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान असल्याने ती ७५ सारखी वागते, म्हणजे माणसाचा चेहरा टिपायला सोयीची. एफ ६.३ च्या तुलनेत ती बारापट प्रकाश घेते. आणि चौकट बदलायची तर तिच्यापाशी एकच उपाय असतो: आपण चालायचे. फ्रान्सचे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातील बहुतेक काम ५० च्याच लेन्सने केले. आमच्या नंदुरबारच्या गाडीने सुरतेला उतरून थोडे पुढे गेले की नवसारी लागते. तिथे १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या, त्याही झूम लेन्स बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. मोठी माणसे त्यांनी जवळ जाऊनच टिपली. आमची त्यांच्याशी तुलना नाही. पण पाय त्यांनाही दोनच होते, एवढा दिलासा आम्ही घेतला.

लहान लेन्सची पहिली कसोटी होळीला लागली. २०२४ साली झावळ्यांचा रविवार आणि होळीची पौर्णिमा एकाच दिवशी, २४ मार्चला, आली. सकाळी चर्चमध्ये झावळ्या हाती धरून मिरवणूक केली आणि दुपारी अक्कलकुवा तालुक्यातील काठीचा रस्ता धरला. काठी संस्थानची राजवाडी होळी सातपुड्यात प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल आणि नाच चालतो, उंच बांबू उभा केला जातो आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधलेले नवसकरी नाचत असतात. यापूर्वी आम्ही तिथे दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा गर्दीच्या कडेने, लांब नळीतून, कुणाला न कळत चित्रे घेतली होती. या वेळी तशी सोयच नव्हती. एका तरुणाच्या समोर जाऊन उभे राहावे लागले. "फोटो घेऊ का?" असे विचारावे लागले. तो म्हणाला, "थांबा." त्याने टोप नीट केला, शेजाऱ्याकडून पाठीवरची घुंगरांची दोरी आवळून घेतली, आणि मग म्हणाला, "हं, आता." चित्र झाल्यावर ते स्वतः पाहिले, एक पसंत केले नाही, दुसरे घ्यायला लावले आणि जाताना आपला नंबर देऊन पाठविण्याचे वचन घेतले. मागच्या दोन्ही वेळच्या चित्रांतील माणसांपैकी एकाचाही ठावठिकाणा आम्हाला माहीत नव्हता, हे तेव्हा उमगले.

ईस्टरनंतर पुतण्या आला आणि काळी पिशवी घेऊन गेला. आम्ही कारण सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, हे मला आधी सांगितलं असतं, तर चार महिने पिशवी इथे कशाला ठेवली असती?" आम्ही म्हटले, "चार महिने ठेवली म्हणूनच कळले." लेन्स एका होतकरू मुलाने घेतल्या, आणि त्या योग्य हाती गेल्या. जुनी १८ ते २०० आम्ही टाकली नाही. तिच्या नळीला रबराचे एक कडे अडकवले आहे. आता ती घसरत नाही. यात्रेला, सहलीला, धुळीच्या रस्त्यावर तीच बरोबर असते. लहान लेन्स खिशात. गच्ची त्या उन्हाळ्यात दुरुस्त झाली.

२०२४ च्या नाताळला आम्ही पाड्यावर दिवस मावळण्यापूर्वीच पोहोचलो. छपराबाहेर, दाराच्या उजेडात, एक खुर्ची ठेवली आणि पाड्यावरील वृद्धांना एकेक करून बसविले. दोन हातांच्या अंतरावरून चित्रे घेतली. 'हे काय रोखलंय' असे विचारणाऱ्या आजी सर्वांत आधी येऊन बसल्या. प्रत्येकाला सहा बाय चारची प्रत पोचविली. बरी चौकट मुलांनी केली. आता हा आमचा दरवर्षीचा नेम ठरला आहे.

म्हातारबाबांच्या घरीही गेलो. भिंतीवर ते पुसट चित्र काचेच्या चौकटीत लावलेले होते, खाली प्लॅस्टिकच्या फुलांची माळ. आमची नजर तिथे गेलेली पाहून मुलगा म्हणाला, "येणारे विचारतात, फोटो हलला का. मी सांगतो, बाबा गात होते."

आम्ही मान हलविली. जेवण होईपर्यंत गीतांची वेळ झाली. मुलगा आता वडिलांच्या जागी उभा राहतो. आम्ही त्याच्या बरोबर गेलो आणि पुढे, पोरांच्या रांगेत, चटईवर बसलो.